रत्नागिरीत शून्य अंश

गणपती चार दिवसांवर आलेले. गॅरेजात चाकरमान्यांच्या गाड्या लागायला सुरुवात झाली होती आणि वरून पावसाची धार. त्यात भाट्याचे काका त्यांची ऑटोमॅटिक गाडी घेऊन आले.

"अरे, महिना झाला, नुसती बोंबलते. वरचा गिअर टाकायला मागत नाही, आणि पेट्रोल पिते ते वेगळंच."

त्याआधी एका ठिकाणी त्यांना सांगितलं होतं, गिअरबॉक्सच्या आतला तापमानाचा सेन्सर गेला. चेंबर उतरवा, ऑइल काढा, आतली सगळी वायरिंगच बदला. खर्चाचा आकडा ऐकून काका माझ्याकडे.

स्कॅनरवर कोड होता पी ०७११. वायर सरळ तुटली की बहुतेक ०७१३ येतो आणि ऑइलचं तापमान उणे ४० दिसतं. ०७११ चं म्हणणं एवढंच की आकडा पटत नाही. मला हे असले कोड जास्त आवडतात, कारण ते तुम्हाला गाडीबाहेरही बघायला लावतात.

गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी थंड इंजिनवर बघितलं: कूलंट २७ अंश, आत येणारी हवा २७, गिअरबॉक्सचं ऑइल ०. रत्नागिरीत, श्रावणात! रात्रभर उभ्या गाडीत तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. मग हातखंब्यापर्यंत जाऊन आलो. आल्यावर स्कॅनर म्हणतो ७ अंश, आणि चेंबरला बोट लावलं तर चटका बसला. आता कॉम्प्युटरलाच ऑइल गारठलंय असं वाटत असेल, तर तो टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधला ऑइलवर चालणारा दुवा, लॉक कशाला करील? गिअरही उशिराच बदलणार. त्याच्या परीने तो बरोबरच वागत होता.

हा सेन्सर गरम होईल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. या गाडीत २० अंशाला अडीच हजार ओहम, ८० ला सव्वातीनशेच्या आसपास. इंजिन बंद करून गिअरबॉक्सजवळचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढला आणि मीटर लावला: ३२०. म्हणजे आतला सेन्सर ठणठणीत. कपलर पुन्हा बसवून तीच जोडी कॉम्प्युटरच्या टोकाला मोजली, तर ४,३००. मधल्या दीड मीटर वायरीत चार हजार ओहम कुठून आले?

दोन्ही टोकं मोकळी करून एकेक वायर मोजली. एक चोख. दुसरी हलवली की आकडा नाचायचा. लूमची, म्हणजे वायरींच्या जुडीची, टेप सोलत बॅटरीच्या ट्रेखाली पोचलो, तिथे प्लास्टिकवर टाचणी टोचावी तेवढं भोक आणि कडेला हिरवं. वायर चिरली. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक राहिलं की जसा कळंक धरतो, तसा तांब्याला चढला होता, भोकाच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं. दोनेक तारा तेवढ्या कशाबशा चिकटून होत्या. काकांची गाडी उभी असते समुद्राच्या तोंडावर. खारा दमट वारा त्या भोकातून आत शिरला होता.

भोक बघितलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. दीड वर्षापूर्वी हीच गाडी रिव्हर्सच्या दिव्यासाठी आली होती. कपलरपर्यंत हात पोचत नव्हता, म्हणून मी टेस्ट लॅम्पची सुई याच लूममध्ये खुपसली होती. आधी चुकीच्या वायरीत, मग बरोबरच्या. वरून टेप गुंडाळली आणि विसरलो.

हिरवा तुकडा कापून टाकला, नवीन वायर घालून डाग दिला, वर आतून गोंद असलेली स्लीव्ह. कोड पुसून पुन्हा हातखंबा. ऑइल ८१ अंश, गाडी गुमान वरच्या गिअरला.

संध्याकाळी काकांना सगळं सांगितलं. सुईचंही. पैसे नकोत म्हटलं. ते थोडा वेळ त्या हिरव्या तुकड्याकडे बघत राहिले.

"पण काय रे, तेव्हा रिव्हर्सचा दिवा लागला होता ना?"

"लागला होता, काका. नुसता बल्ब गेला होता."