नेट चालू आहे, मग साइट का उघडत नाही?

"व्हॉट्सअ‍ॅप चालतंय, वायफाय फुल आहे, मग क्रोममध्ये एकही साइट का उघडत नाही?" तालुक्याच्या गावी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे हा प्रश्न आठवड्यातून दोनतीनदा तरी कानावर येतो. फोनवर घाईत दिलेलं उत्तर अर्धवट राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट लिहितो.

आधी एक विनंती. पान उघडलं नाही की ब्राउझर त्या जागी काहीतरी लिहून दाखवतो. ते वाचा, निदान मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. दुकानात येणारे दहातले आठ जण म्हणतात, "काहीतरी इंग्रजीत आलं होतं, मी बंद केलं." त्या एका ओळीत माझं निम्मं काम असतं.

हे मी इतक्या कळकळीनं सांगतो त्याला कारण आहे. आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या डेस्कटॉपवर प्रत्येक साइटला 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असं यायला लागलं. एका ठिकाणी त्यांना व्हायरस आहे म्हणून सांगितलं आणि फॉरमॅट मारला. डी ड्राइव्हसकट सगळं गेलं, त्यात काकांचे शेवटच्या दोन दिवाळ्यांचे फोटो होते. मशीन घरी आलं, लावलं, तर पुन्हा तोच संदेश. मग ते माझ्याकडे आलं.

मी सुरू केलं आणि आधी उजव्या कोपऱ्यात पाहिलं. तारीख होती १ जानेवारी २००९.

बिघाड एवढाच होता. सुरक्षित साइट स्वतःची ओळख पटवायला एक सर्टिफिकेट दाखवते. त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची सर्टिफिकेटं वर्षानुवर्षं ९० दिवसांचीच असत. काकूंच्या मशीनच्या हिशेबानं ती मुदत अजून सुरूच झाली नव्हती, म्हणून ब्राउझर प्रत्येक साइटला दारातूनच परत पाठवत होता. त्याचं काही चुकत नव्हतं. मी तारीख दुरुस्त केली आणि पान उघडलं.

तारीख मागे का गेली? मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा ३ व्होल्टचा एक सेल असतो, सीआर२०३२. कॉम्प्युटरची वीज पूर्ण बंद असली की आतलं घड्याळ त्याच्यावर चालतं. आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची चांगली सवय आहे, त्यामुळे हा सेल रोज रात्रभर खर्ची पडतो आणि काही वर्षांनी संपतो. फॉरमॅट मारून तो भरत नाही. कॅबिनेट उघडलं, धूळ झटकली, नवा सेल बसवला. काकूंनी विचारलं, "आणि फोटो?" रिकव्हरी चालवून पाहिली, थोडे मिळाले. बाकीचे नाही मिळाले.

हाच संदेश एकाच साइटवर येत असेल आणि बाकी सगळं उघडत असेल, तर दोष बहुतेक त्या साइटचा असतो. तिथे 'प्रगत' दाबून पुढे जाऊ नका. बँकेची साइट असेल तर मुळीच नाही.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे 'सर्व्हर सापडला नाही', किंवा डीएनएस हा शब्द असलेली ओळ. आपण साइटचं नाव टाकतो, पण नेटला लागतो नंबर. नावावरून नंबर सांगायचं काम डीएनएसचं. चाळीत पाहुणा यावा आणि खोली दाखवणारा माणूसच गावाला गेलेला असावा, तसं होतं. रस्ता चालू असतो. ज्या अ‍ॅपची जोडणी आधीच झालेली असते ते चालत राहतं. खात्री करायची असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, पिंग (ping) ८.८.८.८ टाका; पलीकडून उत्तर येतं का ते ही आज्ञा पाहते. मग नंबरऐवजी एखाद्या साइटचं नाव टाकून पिंग करा. नंबरकडून उत्तर आलं आणि नावाला 'होस्ट सापडला नाही' आलं, तर डीएनएस अडलंय. राउटर बंद करून मिनिटभरानं लावा. तरी तेच असेल तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरा. पहिला गुगलचा, दुसरा क्लाउडफ्लेअरचा. दोन्ही फुकट आहेत.

साइट एका ब्राउझरमध्ये उघडते, दुसऱ्यात नाही? मग इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी खिडकीत पाहा. तिथे उघडली तर एखादं एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडलेली सोय) किंवा जुन्या कुकीज (साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी) आड येतायत. स्टेशनवरच्या फुकट वायफायवर मात्र आधी मोबाइल नंबर आणि ओटीपी द्यावा लागतो, तोवर काहीच उघडत नाही.

विंडोज ७ वापरणाऱ्यांना वेगळं सांगतो. क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेली ११० त्यावर बसतच नाही. म्हणून काही नव्या साइट अर्ध्याच दिसतात. त्यात तुमची चूक नाही, पण नेट बदलूनही ते सुधारणार नाही.

यातल्या एकाही दुखण्याला फॉरमॅट लागत नाही. कुणी तो सुचवला तर आधी फोटो आणि कागदपत्रं पेन ड्राइव्हवर काढून घ्या, मगच मशीन हातात द्या.

काकूंचा फोन आजही येतो. "तारीख बघितली रे, बरोबर आहे," असं आधी सांगतात, आणि मग चष्मा लावून पडद्यावरची ओळ एकेक अक्षर करत वाचून दाखवतात.