सुप्याच्या माळावर राखी तित्तिर: कुठे शोधावा, कसा ओळखावा

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यात राखी तित्तिर इतका सर्रास आढळतो की तिथल्या शेतकऱ्यांना त्याचा आवाज ओळखण्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही. तरीही पक्षीनिरीक्षणाला नव्याने लागलेले अनेक जण केवळ आवाज ऐकून परततात. मार्चच्या सुरुवातीला आम्ही काही मित्र बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्यात मुख्यतः हा पक्षी निवांतपणे पाहण्यासाठी गेलो होतो. त्या सकाळी जे दिसले आणि ज्याचा पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल, ते येथे देत आहे.

हे अभयारण्य 1997 साली मुख्यतः चिंकाऱ्यांसाठी घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र जेमतेम 5.14 चौरस किलोमीटर आहे. सोलापूर महामार्गाने चौफुल्यापर्यंत जाऊन तेथून मोरगावच्या दिशेने वळले की वाटेत सुपे लागते. सासवड, जेजुरी, मोरगाव असा दुसरा मार्गही आहे. एसटीने मोरगावपर्यंत येता येते, परंतु उजाडताना माळावर पोहोचायचे असेल तर स्वतःचे वाहन हवे किंवा आदल्या रात्री मोरगावात मुक्काम करावा. प्रवेशद्वारावर नोंद करून शुल्क भरावे लागते, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवावे. आत खाण्यापिण्याची सोय नाही. पाणी पुरेसे न्यावे.

तित्तिराचा शोध कानांनी सुरू होतो. सूर्य उगवण्याच्या थोडे आधी हिवराच्या एका रांगेकडून पहिला आवाज आला: आधी दोन-तीन हलके, तुटक स्वर आणि मग एकदम चढत गेलेले, खणखणीत ‘क-तीतर, क-तीतर’. लगेच ओढ्यापलीकडून दुसऱ्याने उत्तर दिले आणि काही मिनिटांत चारही बाजूंनी साद उठली. आवाजाची दिशा चटकन कळत नाही, त्यामुळे त्यामागे धावण्यात अर्थ नसतो. हा पक्षी रात्री जमिनीवर न राहता बाभूळ, हिवर, बोर अशा काटेरी झाडांच्या खालच्या फांद्यांवर झोपतो आणि उजाडताच खाली उतरतो; म्हणून सुरुवातीला झाडांच्या तळाकडे पाहावे. त्यानंतर त्याचे चरणे गवताच्या मध्यभागी कमी आणि कडेला अधिक असते. कच्च्या रस्त्याची बाजू, समतल चरांचे उंचवटे, शेताचा बांध, वाळवीची वारुळे आणि पाणवठ्याकडे जाणारी उघडी वाट या जागांवर दुर्बीण सावकाश फिरवावी. बिया, कोंब, वाळवी आणि इतर किडे हे त्याचे खाद्य अशा जागी सहज मिळते आणि संकट आलेच तर झुडूप दोन पावलांवर असते.

आम्हाला पहिली जोडी रस्त्याच्या कडेलाच दिसली. गाडी बंद करून आतच बसल्यामुळे ती निर्धास्तपणे चरत राहिली, आणि या पक्ष्याच्या बाबतीत गाडीइतका चांगला आडोसा मी दुसरा पाहिलेला नाही. आकार साधारण लहान कोंबडीएवढा, शेपूट आखूड, पाठीवर तपकिरी-करड्या रंगाच्या आडव्या रेघांची दाट नक्षी आणि पोटाकडे फिकट रंगावर बारीक काळसर रेघा, अशी एकूण घडण असते. खात्रीची खूण मात्र गळ्यावर आहे. फिकट पिवळसर गळ्याभोवती बारीक काळी किनार असते आणि पक्षी मान उंच करून उभा राहिला की ती स्पष्ट दिसते. पाय मळकट तांबूस असतात. नर आणि मादी दिसायला सारखेच; नराच्या पायावर टोकदार आरी असते, पण ती दिसायला पक्षी उघड्यावर यावा लागतो.

याच्याशी घोटाळा होतो तो मुख्यतः चित्रित तित्तिराचा, कारण महाराष्ट्रात दोन्ही जाती जवळजवळ राहतात. चित्रित तित्तिराचा चेहरा आणि गळा तांबूस असतो, गळ्याभोवती काळी किनार नसते आणि गडद अंगावर पांढरे गोल ठिपके उठून दिसतात. थोडक्यात, पोटाकडे रेघा असतील तर राखी आणि ठिपके असतील तर चित्रित. चित्रित तित्तिराची साद अधिक चिरकी असते आणि ती पावसाळ्यात जास्त ऐकू येते. लाव्यांचा प्रश्न सोपा आहे: ते आकाराने जवळजवळ निम्मे असतात आणि दगडी लाव्यांचा थवा पायाशी पोहोचेपर्यंत दबून राहून एकदम सगळ्या दिशांना उधळतो. तित्तिर सहसा आधी पळतो. अगदीच जवळ गेल्यास पंखांचा मोठा फडफडाट करत जमिनीलगत थोडे अंतर उडतो, उतरतो आणि पुन्हा पळू लागतो. उडताना शेपटीच्या कडांचा तांबूस रंग दिसतो, तो लक्षात ठेवावा. अर्थात, तो पाहण्यासाठी पक्ष्याला मुद्दाम हुसकावू नये.

नऊ वाजेपर्यंत साद विरळ झाली आणि पक्षी सावलीत शिरले. त्यानंतर संध्याकाळी ऊन उतरेपर्यंत फारसे काही हाती लागत नाही. हंगामाचा विचार केला तर फेब्रुवारी ते मे हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो: गवत वाळून खाली बसलेले असते आणि उन्हाळा वाढेल तसे पक्षी पाणवठ्यांकडे येतात. पावसाळ्यानंतर मात्र गवत गुडघ्यापर्यंत वाढते आणि समोरचा पक्षीही दिसत नाही. शिवाय कुसळी गवताची कुसळे मोज्यांत शिरून हैराण करतात. जाड पँट आणि घोट्याच्या वर येणारे बूट घालावेत. घोणस आणि फुरसे हे विषारी साप अशाच माळांवर राहतात, म्हणून झुडपांखाली हात घालू नये आणि वाट सोडू नये.

मोबाईलवर साद वाजवून पक्षी बोलावण्याचा मोह कृपया टाळावा. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत त्यांच्या विणीचा मुख्य काळ असतो. घरटे म्हणजे झुडपाखालचा एक साधा खळगा. नर-मादीचे लक्ष विचलित झाले की अंडी कुत्र्यांच्या आणि मुंगसांच्या तावडीत सापडतात. मोबाईलचा उपयोग आवाज ध्वनिमुद्रित करण्यासाठी करावा. घरी येऊन ओळख पक्की करायला तो फार कामी येतो. तित्तिर पकडणाऱ्यांचे फासे आजही लागतात आणि त्यासाठी पिंजऱ्यातला बोलका तित्तिर आमिष म्हणून वापरला जातो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ही शिकार आहे. असे काही आढळल्यास स्वतः वाद न घालता वनरक्षकाला ताबडतोब कळवावे, आणि घरटे दिसले तर त्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये.

सुप्याला गर्दी असल्यास इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचा माळ हा उत्तम पर्याय आहे. चित्रित तित्तिरही पाहायचा असेल त्यांनी जुलैमध्ये, पावसाची उघडीप असलेली सकाळ निवडून झाडांच्या मधल्या फांद्यांवर आणि उंच दगडांवर लक्ष ठेवावे, कारण साद घालण्यासाठी तो अशा जागी चढून बसतो.