कडता आणि ईयोबाचे मित्र

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले बागायतदार काजूच्या बियांच्या गोणी घेऊन यायचे तेव्हा वजनाला मी असायचो. ज्या व्यापाऱ्याकडे नोकरीला होतो, त्यानं ऐन हंगामात सांगितलं, गोणीमागे दोन किलो कडता धर, म्हणजे वजनातून तेवढं कापून लिही. बिया ओल्या असोत की वाळलेल्या, सरसकट. काट्यावर सरकारी शिक्का होता, काटा चोख होता. लबाडी वहीत व्हायची होती, आणि वही माझ्या हातात होती.

मी नाही म्हटलं. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात लिहिलंय की पिशवीत दोन वजनं बाळगू नका, एक मोठं आणि एक लहान. दगडाची वजनं पिशवीत घेऊन व्यापार करायचे तेव्हाची ही गोष्ट. घेताना जड दगड, देताना हलका. बायबलमधला आमोस संदेष्टा तर अशा लोकांवर तुटूनच पडतो. शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, कधी सरतो आणि एफा (धान्याचं माप) लहान, शेकेल (चांदी तोलायचं वजन) मोठा करून धान्य कधी विकतो, अशी त्यांना घाई झालेली असायची. हा आमोस कुणी पंडित नव्हता. तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या झाडांची निगा राखणारा. झाडाखाली घाम गाळणाऱ्याचा माल कसा मारला जातो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

नोकरी गेली. पुढचे महिने कठीण गेले.

आम्ही मूळचे मिरजेचे. गोव्यात ख्रिस्ती म्हटलं की समोरचा कोकणीत सुरू होतो, आणि आमच्या घरात प्रार्थना मराठीत. (फादर स्टीफन्सनी १६१६ साली इथेच, सासष्टीत, ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत मांडली, हे आठवलं की मला फार बरं वाटतं.) नातेवाईक लांब, उधारी मागावी असं कुणी जवळ नाही. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेला बायको बसायची, पण बोलायची नाही. एकदा म्हणाली, "तुम्ही देवाचं ऐकलंत, चांगलंच केलंत. पण किराण्याचं मी कुणाला विचारू?" खरंच होतं ते. मुलगी दहावीत. तिनं विचारलं, "पप्पा, देव खूश असेल तर असं का?"

आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक प्रेमाचेच. कुणी म्हणालं, परीक्षा आहे. कुणी म्हणालं, आणखी विश्वास ठेवा. मी मात्र त्या दिवसांत बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाचत होतो, दोष नसताना सगळं गमावून बसलेल्या माणसाची गोष्ट. त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस नि सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर गप्प बसले. तिथपर्यंत फार चांगले मित्र. मग बोलू लागले, देवाची बाजू मांडू लागले. शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर. ज्यानं आपल्या जन्मदिवसालाच शाप दिला, त्या ईयोबाबद्दल म्हणाला की माझ्याविषयी हा योग्य बोलला.

हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो. गोणीत जे आहे तेच वहीत लिहायचं, हे मला पटलं होतं. मग देवापुढे आपलं दुःख दोन किलो कमी का दाखवायचं? त्या रात्री आम्ही स्तोत्र ८८ वाचलं. त्याला गोड शेवट नाही, ते अंधारातच संपतं. बायको वाचता वाचता रडली आणि कितीतरी दिवसांनी स्वतःहून प्रार्थना केली. त्या प्रार्थनेत तक्रारच जास्त होती. मी "आमेन" म्हटलं आणि मनापासून म्हटलं.

मुलीला मी उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे ते नव्हतं. तिला एवढंच सांगितलं की हा प्रश्न तू थेट त्यालाच विचार, तो रागावत नाही.

आता मी फोंड्याला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. पगार आधीपेक्षा कमी आहे. बायको कपडे शिवते, तिच्या पैशावर महिन्याचा शेवटचा आठवडा निघतो.

परवा जुन्या ठिकाणच्या एका पोराचा फोन आला. माझ्या जागेवर आता तो आहे, लग्नाला वर्ष झालंय, आणि वही त्याच्या हातात आली आहे. विचारत होता, काय करू. मी त्याला वचन ऐकवलं नाही. म्हटलं, रविवारी उपासनेनंतर घरी ये, बायकोला घेऊन ये. ती काय म्हणते ते आधी ऐकू, मग जेवू.