चिंगीला गावी कसं न्यायचं?

“ताई, हिला रात्रभर एकटीला जमेल का?”

रेल्वेच्या पार्सल ऑफिसातल्या काकांनी आज हे विचारलं आणि मला उत्तर सुचेना. माझी कुत्री चिंगी माझ्या कडेवर होती, काउंटरवरच्या पावतीपुस्तकाचा वास घेत. जेमतेम सहा किलोचा जीव. बाहेरून हमालाची हातगाडी खडखडत गेली, तसं तिने नाक माझ्या काखेत खुपसलं.

स्लीपरला, थ्री टियरला कुत्रा चालत नाही. एसी फर्स्टमध्ये न्यायचा तर अख्खा कूपे नाहीतर केबिन, म्हणजे दोघांचा किंवा चौघांचा बंद कप्पा, आपल्याकडे हवी, आणि ती मिळाली की नाही हे चार्ट लागल्यावर कळणार. नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्यांसाठीची पेटी. खाणंपिणं आपणच बघायचं, म्हणजे मधल्या एखाद्या दोन मिनिटांच्या थांब्यावर गाडीच्या टोकापर्यंत धावत जायचं.

“आत उकडतं हो,” काका हळूच म्हणाले. पावती फाडायची त्यांनाही घाई नव्हती.

सगळे म्हणतात, बोर्डिंगमध्ये ठेव. पण ढोल वाजले की ती पलंगाखाली जाऊन थरथरते. ऐन गणपतीत तिला मुंबईत अनोळखी माणसांकडे सोडायला माझं मन घेत नाही.

फुकट नाही न्यायचं मला. तिचे पैसे घ्या, लसीचं कार्ड बघा, पिंजऱ्यातच ठेवायला सांगा. फक्त माझ्या पायाशी असू द्या.

लहान कुत्र्याला घेऊन कणकवलीपर्यंत रस्त्याने, कारने कुणी गेलंय का? घाटात त्यांना उलट्या होतात का? निघण्याआधी किती तास खायला देत नाही तुम्ही?