सरांचा स्वभाव

"जाऊ दे ना मॅडम, सरांचा स्वभावच तसाय." मीटिंग संपल्यावर माझ्या टीममधली मुलगी मलाच समजावत होती.

तिच्या कपड्यांवरून सर जे बोलले, त्यावर सगळे हसले. तीही हसली, पण ओढणीचं टोक बोटाला गच्च गुंडाळत. मी तिथेच म्हटलं, "सर, हे बोलणं मला मान्य नाही. पुढचा मुद्दा घेऊ." सगळे गप्प.

नंतर तिला कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सांगितला. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची. करायची का, ते तिनं ठरवावं. मी सोबत आहे.

पण हा 'स्वभाव' वरच्या खुर्चीतल्यांनाच कसा असतो? शिपाई हेच बोलला असता, तर हसलो असतो का आपण?