फॉर्ममध्ये नसलेला चहा

हो ची मिन्ह सिटीत ग्राहकसेवेच्या पाहणीचे काम करत असताना एकदा मी आणि माझी व्हिएतनामी सहकारी एकाच दिवसात कॉफीच्या तीन दुकानांत जाऊन आलो. ओळख न देता कॉफी मागवायची आणि बाहेर पडल्यावर मुख्य कचेरीने पाठवलेला फॉर्म भरायचा, एवढेच काम होते.

पहिले दुकान आंतरराष्ट्रीय साखळीचे. दारातच स्वागत झाले, काउंटरवरच्या मुलीने नाव विचारून कपावर लिहिले, चार मिनिटांत कॉफी हातात आली आणि फॉर्म विनासायास भरला गेला. दुसऱ्या, देशी साखळीच्या दुकानातही रीत तीच होती: आधी पैसे, मग आपला नंबर पुकारला की उठून ट्रे आणायचा. ‘देशी’ हा शब्दही तसा जपूनच वापरावा, कारण हायलँड्स कॉफी या तिथल्या नामांकित साखळीतला मोठा हिस्सा जॉलीबी या फिलिपिन्सच्या कंपनीकडे आहे.

तुलनेसाठी घेतलेले तिसरे दुकान गल्लीत होते. रस्त्याकडे तोंड करून बुटकी प्लास्टिकची स्टुले मांडलेली होती. तिथल्या विशीतल्या पोऱ्याने माझ्या पिकल्या केसांकडे क्षणभर पाहिले आणि मला ‘चू’, म्हणजे काका, अशी हाक मारली. सहकारी हसू लागली, कारण सकाळी काउंटरवर मी ‘आन्ह’, म्हणजे दादा होतो. व्हिएतनामी बोलताना समोरच्याचे वय ताडून नाते ठरवल्याशिवाय साधे ‘काय घेणार?’ हेही नीट विचारता येत नाही. काका, मावशी, दादा म्हणतच बाजार करणाऱ्या मला ते मुळीच परके वाटले नाही.

मग फिन आले. फिन म्हणजे ग्लासवर बसवायची धातूची छोटी गाळणी. तिच्यातून रोबस्टाची कडू, दाट कॉफी तळाच्या कंडेन्स्ड मिल्कवर थेंबाथेंबाने उतरते आणि तिला घाई चालत नाही. मी घड्याळ लावून बसलो होतो. शेवटचा थेंब पडेपर्यंत नऊ मिनिटे झाली आणि सहा मिनिटांची मर्यादा घालणाऱ्या रकान्यात मला शून्य लिहावे लागले. दरम्यान न मागता ‘त्रा दा’ आला होता. हा बर्फ घातलेला फिक्का चहा. त्याचे पैसे पडत नाहीत. पेला रिकामा झाला की पोऱ्या तो भरून जाई, आणि कॉफी संपल्यानंतरही त्याने तो दोनदा भरला. बिल मात्र आम्ही मागेपर्यंत कोणी आणले नाही. सहकारी म्हणाली, “याचा अर्थ, बसा निवांत.”

तिसऱ्या दुकानाला सर्वांत कमी गुण पडले. मला राहवले नाही म्हणून शेऱ्यात मी ‘चहा तीन वेळा, विनामूल्य’ असे लिहिले. दोन दिवसांनी मुख्य कचेरीचे पत्र आले: मागवला नसताना चहा का देण्यात आला याचा खुलासा करावा आणि सोबत बिलाची प्रत जोडावी.