बॅकअपच्या दोन डिस्क आणि आतलं नाव

घरातले जुने फोटो स्कॅन करून झाले तेव्हाच ठरवलं होतं, दोन प्रती ठेवायच्या आणि त्याही दोन वेगळ्या कंपन्यांच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. एखाद्या मॉडेलमध्येच खोट निघाली तर दोन्ही एकदम जाऊ नयेत, एवढाच हिशोब. तशा दोन घेतल्या. रंग वेगळे, खोकी वेगळी, नावंही वेगळी.

तीन वर्षांनी त्यातली एक टकटक करायला लागली. दुसरीवर सगळं आहे हे माहीत असूनही जीव थाऱ्यावर नव्हता. आधी दुसरीवरचं सगळं तिसरीकडे उतरवून घेतलं. ही पायरी कुणीही गाळू नये. मग बंद पडलेली उघडायला घेतली. वॉरंटी संपलेली होती, म्हणूनच. प्लास्टिकचं जुनं कार्ड फटीत सरकवत नेलं, एकेक खटका सुटत गेला आणि कवच दोन भागांत हातात आलं. आत लॅपटॉपमध्ये असते तशी साधी अडीच इंची डिस्क, कोपऱ्यांना रबर, टोकाला साटाचं (संगणकाच्या आत डिस्क जोडायची नेहमीची जोडणी) यूएसबी करणारी बोटभर पट्टी. खोक्यावरचं नाव आतल्या लेबलवर कुठेच नव्हतं.

दुसरी उघडावी लागली नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तिचा मॉडेल नंबर दिसला आणि मी समोरचं लेबल पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. दोन्हींचा उत्पादक एक, मॉडेलही तेच. तीन वर्षं मी ज्या भरवशावर निर्धास्त होतो, तो भरवसा नुसत्या कवचाचा होता.

मग मुळाशी गेलो. फिरत्या हार्ड डिस्क बनवणारे आता तीनच उरलेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. क्वांटमचा डिस्कचा धंदा २००१ मध्ये मॅक्सटॉरने घेतला, मॅक्सटॉरला २००६ मध्ये सीगेटने. आयबीएमचा विभाग हिताचीकडे आला आणि तिथून २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे. फुजित्सूचा २००९ मध्ये तोशिबाकडे गेला. सॅमसंगचा २०११ च्या अखेरीस सीगेटकडे. उदाहरणार्थ, एसटी१०००एलएम०२४ हा सीगेटच्या धाटणीचा मॉडेल नंबर, पण डिस्क मुळात सॅमसंगची स्पिनपॉइंट एम८. एक्स्टर्नल डिस्क विकणारी लासीही २०१२ पासून सीगेटच्याच घरात. ट्रान्सेंड, एडेटा यांच्या हार्ड डिस्कमध्येही आतला माल या तिघांपैकीच कुणाचा तरी. (एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणाऱ्या डिस्क, त्यांचं गणित निराळं, तिथे सॅमसंग आजही स्वतः बनवते.)

म्हणून माझं मत पक्कं झालंय: दोन प्रती ठेवायच्या तर थेट उत्पादकाच्या नावाची डिस्क घ्यावी. त्यात एक अडचण मात्र आहे. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड थेट सर्किट बोर्डावरच असतं, साटाची जोडणी नसतेच. अशी डिस्क कवचातून काढून संगणकाला सरळ लावता येत नाही.

नवी जोडी आणली तेव्हा एकही फाइल चढवण्याआधी मॉडेल नंबर पाहिले. एकीचा डब्ल्यूडीने सुरू होणारा, म्हणजे वेस्टर्न डिजिटल, दुसरीचा एमक्यूने, म्हणजे तोशिबा. कागदाच्या पट्टीवर नंबर आणि तारीख लिहून प्रत्येकीच्या पाठीला चिकटवली, आणि मग फोटो चढवायला घेतले.